अर्धं धुराडं

काट, बाकी हवं ते काट, केरिस.
मीही काटलंय. बघ ही वही.
टीव्हीचं पॅकेज: गेलं.
शुक्रवारचे मासे-चिप्स: महिन्यातून एकदा.
हीटर संध्याकाळी सहाच्या आधी नाही,
आणि सहानंतरही, अंगात दुसरा स्वेटर असेल तर
जरा थांबून.
पण ही एकवीस पौंडांची ओळ, इमारतीचा विमा,
हिच्यावर पेन टेकवू नकोस.

तू म्हणशील, एवढं काय आहे या घरात?
खाणवाल्यांसाठी बांधलेली रांग,
दोन खोल्या वर, दोन खाली.
विकलं तर कार्डिफमध्ये गाडी उभी करायला
जागा येईल फार तर.
खरंय.
पण विकायची किंमत वेगळी,
पडलेलं पुन्हा उभं करायची वेगळी.
त्यात वीट आली, मजुरी आली, परात आली,
रस्त्यावर मचाण बांधायचा परवाना आला,
आणि राडारोडा उचलणाऱ्या गाडीचं भाडं.

तुझ्या घरात आधी मेरविन राहायचा.
बस चालवायचा. गुडघे गेले, मग बसही गेली.
एका मार्चमध्ये असाच वही घेऊन बसला
आणि ही ओळ काटली.
"तीस वर्षं भरतोय, नेस्टा, एक पाटी सरकली नाही छपराची."
मी काय बोलणार? माझीही सरकली नव्हती.
त्याचं चुकलं, असं मी तेव्हा म्हटलं नाही,
आजही माझ्या तोंडून निघत नाही.
त्याला दात बसवायचे होते.

दोन घरांच्या मधल्या भिंतीवर एकच धुराडं.
चार नळकांडी त्याची, चार माझी.
फेब्रुवारीत, रात्री अडीचला, ते खाली आलं,
आणि वादळानं वाटणी अगदी चोख केली.
उजाडताना आम्ही दोघं रस्त्यात, झोपेच्या कपड्यांत.
मी बिस्किटांच्या डब्यातून कागद काढला.
तो कप घेऊन उभा होता,
चहावर विटेची धूळ.

कंपनीनं सोन्याच्या ताटात काही दिलं नाही, तेही ऐक.
योआन नावाचं पोरगं आलं, टॅबलेट घेऊन.
म्हणालं, चुना जुना होता, ही झीज आहे, नुकसान नव्हे.
मी पन्हाळी साफ केल्याची पावती दाखवली,
दोन वर्षांपूर्वीची, गवंड्याच्या सहीची.
पहिले अडीचशे माझ्याच खिशातून गेले.
सहा आठवडे गेले.
पण झालं.

मग गंमत बघ.
गवंडी म्हणाला, बाई, अर्धं धुराडं उभं राहत नसतं.
म्हणून माझ्या बाजूनं ते नुसतं बुजवलं.
छपराला अर्ध्यावर नव्या काळ्या पाट्या,
अर्ध्यावर निळी ताडपत्री,
आणि अख्खा वसंत ती रात्रभर फडफडायची.
माझ्या उशीपासून हातभर अंतरावर.
तो जागा असायचा. मला कळायचं, तो खोकायचा.

हा डाग दिसतो ना, जिन्याच्या वर?
नवा गिलावा वाळला नाही तोच आला.
त्याच्या बाजूनं पाणी आलं.
भिंत एकच आहे आपली.
मी मुद्दाम रंगवला नाही.

शेवटी त्यानं घर विकलं, रोखीनं घेणाऱ्या माणसाला.
त्या माणसानं पाट्या बसवल्या, भिंती पांढऱ्या केल्या,
आणि तुला विकलं. कितीला, ते मी विचारत नाही.
तू मावशीच्या पैशातून घेतलंस, कर्ज नाही,
म्हणून बँक तुला विचारत नाही.
म्हणूनच मी विचारतेय.

दर वर्षी चार ठिकाणी फोन कर, भाव पाड.
आपला वाटा वाढवून हप्ता कमी होतो का बघ,
पण तेवढे पैसे डब्यात ठेव.
खोटं काही लिहू नकोस.
आणि हा केक संपव, मला एकटीला जात नाही.

दातांचं? बसवले की.
टेनबीला बहिणीच्या व्हॅनमध्ये असतो हल्ली.
नाताळला फोटो पाठवतो.
हसताना.