चक्की धुण्याचा दिवस

शिमगा आठ दिवसांवर आला
की आमच्या चक्कीवर मिरची बंद.
वर्षातून एकच दिवस.
खडूनं पाटी लिहितो : आज तिखट नाही.
लोक वाचतात, तरी विचारतात.

नंदुरबारात वाऱ्याला रंग असतो.
पथारीवरून आला तर शिंका,
शिंका नाहीत तर समजायचं,
मजूर बायांची सुट्टी आहे.

मी आणि उखर्डू चक्की उघडतो.
आधी ज्वारीचा कोंडा दळतो,
मग पुन्हा कोंडा,
मग ओलं फडकं, मग कोरडं.
बावीस वर्षांचं लाल निघतं
आणि तरी एखाद्या बोल्टामागं
चिमूटभर राहतंच.
कापडणेकर वैद्य येतात,
आत बोट फिरवतात, बोट चाटतात,
गप्प बसतात. पाणी मागतात.
"अजून एकदा धू बाबा,
हे लोकांच्या डोळ्यांत जायचंय."

बेहडा-हिरडा धडगावच्या एसटीनं येतो,
मागच्या बाकाखाली, पोत्यात.
आवळा वैद्यांच्या गच्चीवरचा,
वाळून काळा, वेडावाकडा,
म्हाताऱ्यांच्या कानांसारखा.
खेमलीबाईला भोंगऱ्या बाजाराआधी पैसे हवेत.
ती काट्याकडे बघत नाही,
काटा धरणाऱ्याकडे बघते.
माझे डोळे बघून म्हणाली,
"भाऊ, रातले रडस का?"
म्हटलं, मिरची.
हसली. पोत्यावर थाप मारली.
"मंग यानं पानी डोयाले लाव."

एक भाग हिरडा, दोन बेहडा, चार आवळा.
वैद्य सांगतात : पोट, पचन, कफ, केस...
आणि मध्येच थांबतात.
"सगळं बरं करतं म्हणणाऱ्यापासून
चार हात लांब राहायचं.
हे फक्त वाट मोकळी करतं.
जायचं ते ज्याचं त्यानं."
उखर्डूनं तोंड फिरवून घेतलं.
त्याचा आज तिसरा दिवस होता.

"हिरड्यात पाच चवी," वैद्य म्हणाले,
"खारट तेवढी नाही."
मी एक तुकडा दाढेखाली धरला.
तुरट आला आणि बसला,
सासरचा पाहुणा बसतो तसा, मांडी घालून.
मागून कडू. मग आंबटाची नुसती शेपटी.
तिखट कुठाय, विचारलं.
"ते तुला कळायचं नाही."
खरंच नाही कळलं.
जात्याला टाकी लावून मिळते,
जिभेला कोण लावणार?
खेमलीबाईनं लोटा पुढं केला.
"आते पानी पे."
प्यालो.
तेच बोअरचं, जड पाणी.
गोड.
कुणी गूळ टाकला का म्हणून
मी लोट्याचा तळ बघितला.

वैद्यांनी सांगितलं तसं
रात्री चूर्ण भिजवलं,
सकाळी चारपदरी फडक्यातून गाळलं,
पुन्हा एकदा गाळलं.
पहिल्या दिवशी डोळ्यांची आग झाली.
ती त्रिफळ्याची नव्हती, माझ्या बोटांची होती.
दुसऱ्या दिवशी हात तीनदा साबणानं धुतले.
तरी तेच.
बायको पथारीवर देठं खुडते,
तिची बोटं माझ्याहून जळकी.
तिसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, तू ओत.
तिला मी चक्कीच्या पायरीवर
कधी चढू दिलेलं नाही.
तिनं माझी मान धरून मागं केली,
डाव्या हातानं पापणी उचलली,
शाळेत नकाशा चिकटवावा तशा काळजीनं.
थंड पाणी. ओघळ ओठांपर्यंत आला.
तुरट होता.
आणि थोडा खारट.
"झोंबतंय का?" तिनं विचारलं.
मी नाही म्हटलं.

चष्म्याचा नंबर होता तोच आहे.
संध्याकाळी मात्र डोळे न चोळता
मी समोरच्या दुकानाची पाटी वाचली,
आणि कळलं की त्यात शुद्धलेखनाची चूक आहे.
उखर्डूचं काय झालं ते विचारलं नाही,
पण तो शीळ घालत आला.

सोमवारी पाटी पुसली. मिरची सुरू.
पहिलंच गिऱ्हाईक दुपारी भांडायला परत आलं,
डबा उघडून माझ्या नाकाखाली धरला :
"तिखट तुरट लागतंय तुमचं!"
मी माठाकडं बोट केलं.
म्हटलं, आता पाणी पिऊन बघा.