आज तारीख काय

ह्रिप्सिमेबाईंचा कॉम्प्युटर उघडला
तेव्हा आत आधी लोकर निघाली.
धूळ नव्हे, लोकर.
पंख्याच्या पात्यांना बिलगून बसलेली,
वर राखाडी, खाली शेंदरी,
त्याच्याही खाली कुठल्याशा शाळेचा
विटका निळा.

मी चिमट्याने थर काढत गेलो
आणि त्या सांगत गेल्या:
हा नूनेच्या लग्नातल्या शालीचा,
हा फुटबॉलवाल्या पोरांचा, पैसे बुडवले मेल्यांनी,
हा...
इथे थांबल्या.
मग म्हणाल्या, हा असाच.

माझं काम निकाल द्यायचं.
दुरुस्त, की नवा.
वनाद्झोरच्या या गल्लीत अकरा वर्षं मी हेच करतो आहे;
खिडकीबाहेर कारखान्याची गार पडलेली चिमणी,
आत सोल्डरचा वास,
आणि समोर कोणीतरी मांडीवर पर्स धरून
रिपोर्टची वाट बघत.

कागदावर मांडलं.
डिस्क घरघरते आहे,
महिना काढेल, किंवा आजची रात्र.
या जातीची रॅम आता भंगारातच सापडते.
पंखा. पेस्ट. पॉवर सप्लाय.
बेरीज केली तर चार आण्यांची कोंबडी
आणि बारा आण्यांचा मसाला.
त्यापेक्षा, मी म्हणालो,
येरेवानहून एक मागवतो,
वापरलेला, पण तरुण.
सल्ला खरा होता.
त्यात माझं कमिशन होतं, हेही खरं.

बाईंनी पर्समधून एक केबल काढली,
टोकाला पंचवीस पिनांचा रुंद जबडा,
टेबलावर ठेवली.
तुझ्या त्या तरुणाला विचार,
हे कुठे खुपसायचं.

त्यांचं विणयंत्र याच केबलमधून ऐकतं.
नव्या मशिनांना हे तोंडच नसतं.
अडॅप्टर मिळतो, मी म्हणालो.
दोन आणले, त्या म्हणाल्या.
यंत्राने अर्धी बाही नीट विणली
आणि पुढे ओळीच्या ओळी
नुसती भोकं पाडत गेलं,
पाहुण्याची भाषा न कळता
हसून मान डोलावत राहावं तसं.

मग मी वही मिटली.

रात्रभर जुनी डिस्क नव्या डिस्कवर उतरवत बसलो.
एक्केचाळीस टक्क्यांवर ती अडली.
मी तिच्याशी बोललो.
असलं मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
पहाटे शंभर झाले,
सगळे नमुने सुखरूप:
हरणं, डाळिंबं, बर्फाचे सहा पाकळ्यांचे तुकडे,
आणि smbat नावाची एक फाइल,
मापं फक्त, छाती, बाही, उंची.
उघडली तशीच बंद केली.

जाता जाता आतला बटणाएवढा सेल बदलला.
तो कधीचाच संपला होता;
रोज सकाळी मशीन सगळं विसरून
दोन हजार दोनच्या एक जानेवारीला उठायचं
आणि आज तारीख काय, म्हणून अडून बसायचं.
या कामाचे पैसे लावले नाहीत.
मनातल्या मनात थोडा खूशही झालो.

नवव्या दिवशी बाई दारात.
कॉम्प्युटर हातगाडीवर, शालीत गुंडाळलेला.
बिघडला?
छे, घोड्यासारखा पळतोय.
फक्त तो सेल तेवढा काढ.

अहो, मग रोज तारीख टाइप करावी लागेल.

हो, त्या म्हणाल्या,
आणि शालीची घडी घालत बसल्या.
नाहीतर दिवसभरात
मला काही विचारतं कोण?

सेल काढला.
पावती फाडली: सेल काढणे, नग एक.
त्यापुढे रक्कम काय लिहावी ते सुचेना.
रेघ मारली.
तारीख मात्र
त्यांनाच विचारून लिहिली.