खळगा

कंपनीनं हा खेळ सोडून दिला त्याला
आता सतरा वर्षं होतील.
सीडीवर चरे, डबीचं झाकण फुटलेलं,
पण कुडचड्यात, बाजाराच्या मागं,
माझ्या प्रिंटर-दुरुस्तीच्या दुकानात
तो अजून सुरू होतो.

दर जूनला मी फायली उघडतो.
कुठल्याशा परदेशी संघाची नावं पुसून
तिथं आपला गाव लिहितो:
गोलात झेवियर गामा, पाच फूट चार,
उजव्या बगलेला उल्हास गावडे, पुढं मिंगेल.
जर्सीवर कामिलाच्या बेकरीचा शिक्का
ठिपका ठिपका करून काढलाय.
चेहरे मतदार ओळखपत्रावरून उचलले,
म्हणून गोल मारूनही सगळे
घाबरल्यासारखे दिसतात.

आकड्यांवरून भांडणं होतात.
"माझा वेग एकाहत्तर, नि बोश्त्यांवचा ऐंशी?
त्याला पोदेराची सायकल मागं टाकते!"
उल्हासची आई डबा घेऊन आली:
थोडी ताकद वाढव रे, हल्ली नीट जेवतो.
वाढवली दोनानं.

गाय मात्र मैदानात सोडता आली नाही.
अकरा, अकरा आणि पंच,
चौपायाला जागाच नाही त्या खेळात.
शेवटी प्रेक्षकांच्या चित्रात रंगवली.
गोल झाला की तीही उडी मारते.

मिंगेल आला तेव्हा शटर अर्धं ओढलेलं.
परवा बोटीवर जायचं होतं, नऊ महिन्यांसाठी.
मला वाटलं, पेनल्टीचा आकडा वाढवून मागेल.
फेस्ताच्या फायनलमधला त्याचा फटका
माडांवरून गेला होता. अजून गावात
कुणाचा नेम चुकला की म्हणतात,
मिंगेल झाला.

म्हणाला, एकसष्ट बरोबर आहे, राहू दे.
फक्त तिथं एक खळगा होता.
कापणीनंतरचा, म्हशीच्या खुराचा.
तेवढा घाल.

तीन रात्री खटपट केली.
त्या जुन्या खेळाला उंचसखल कळत नाही,
जमीन म्हणजे एक ताणलेला कागद.
मग गवताच्या चित्रात, बारा यार्डांवर,
खुराएवढा काळपट डाग टेकवला.
चेंडू त्यावरून सरळ जातो. काही होत नाही.

आता कुठल्याशा समुद्रात
भांड्यांची पाळी संपली की तो खेळतो.
पेनल्टी मिळाली की आधी पडदा थांबवतो,
खालच्या बंकवरच्या फिलिपिनो पोराला
बोट टेकवून दाखवतो: हा बघ, इथं.
मग मारतो.

बहुतेक वेळा गोल होतो.
याचं त्याला वाईट वाटतं,
असं कळवलंय.