चाकाखाली काठी

सर्कशीत पडणं ही माझी नोकरी होती.
एका चाकावर दोन फेऱ्या सरळ मारायच्या,
तिसरीला बँडवाल्याकडे बघून
बरोबर झांजेवर आपटायचं.
त्या हशावर एकवीस वर्षं पगार निघाला.
तंबू विकला तेव्हा मालकाकडे रोकड नव्हती,
मग चाकच उचलून आणलं ग्वाल्हेरला
आणि कंपूतल्या पंक्चरच्या दुकानात खिळ्याला टांगलं.

इरावती शितोळे हवा भरायला आली,
हवा भरून झाली तरी जाईना.
तिचा भाऊ जर्मनीत शिकतो. म्हणाली, दिगूकाका,
तिकडे यावर बसून हॉकी खेळतात,
पाच विरुद्ध पाच, मऊ पडलेला टेनिसचा चेंडू घेऊन.
शंभर वर्षांपूर्वी एका मूकपटातही म्हणे
दोघं जण असेच खेळताना दिसले होते.
मी म्हटलं, ते दोघं आमच्यातले असणार.
पोटासाठी केलं असेल.
नंतर कुणीतरी गोल मोजायला लागलं.

हे गाव हॉकीचं.
कुठल्याही माळ्यावर हात घाला, तडकलेली काठी निघते.
चाकं नव्हती.
भंगारातल्या सायकली कापल्या,
पेडल थेट आसाला वेल्ड केलं,
दोन मोडली, एक माझ्या अंगठ्यावर पडलं.
पावसाळा संपेस्तोवर सहा झाली.
तीन विरुद्ध तीन,
मेळ्याच्या बंद दुकानांमधल्या सिमेंटवर.

नियम इरावती वाचते.
पाय टेकला की तू खेळात नाहीस,
पुन्हा चढ, मग चेंडूला हात लाव.
हात नाही, काठी, कैलास भदौरिया ओरडतो.
आणि तुझी काठी दुसऱ्याच्या चाकाखाली गेली
तर चूक तुझी.
तू जागचा हलला नसलास तरी तुझीच.

हे मी तिला पुन्हा वाचायला लावलं.
माझ्या चाकाखाली काय काय आलं त्या रिंगणात:
भुसा, केळीची साल, एकदा मालकाच्या मेव्हण्याचा पाय.
कुणी शिट्टी वाजवली नाही.

कैलास पडला, कोपरावर.
सवयीनं मी हशासाठी थांबलो.
कुणी हसलं नाही. कुणी थांबलंही नाही.
चेंडू त्याला वळसा घालून गेला,
तो थुंकला, चढला, मागे लागला.

परवा मुरैन्याहून दोन पोरं आली.
टेप लावून चाक मोजलं, आरे मोजले,
कागद नव्हता, तळहातावर आकडे लिहिले.
घामानं पुसतील म्हणून
हात वर धरून बसमध्ये चढली,
कंडक्टर विचारत राहिला, काय झालं, काय झालं.