शुद्धिपत्र

बाळीवेशीतल्या वाचनालयाचा वरचा मजला, मे महिना.
खुर्च्या चाळीस, माणसं चौदा,
त्यांतला एक जण पंख्यासाठी आलेला.
टेबलावर आम्ही तिघं लेखक,
तीन पाण्याच्या बाटल्या, आणि एक माईक
जो 'पर्यावरण' या शब्दालाच नेमका खरखरतो.

मुजावर सरांनी एकतीस वर्षं गच्चीवर
लाकडी पेटीत तापमापी टांगून ठेवली.
सकाळी सात, दुपारी अडीच,
मुलीच्या निकाहच्या दिवशीही अडीच.
त्याचं पुस्तक झालं. आकडेच फार.
प्रकाशक म्हणाला, वाचकाला गोष्ट लागते.
सर म्हणाले, गोष्टच आहे ही,
फक्त हळू चालते.

नरसिंग गड्डमनं रंगकारखान्यांमागच्या नाल्यावर लिहिलं.
त्याचे वडील चादरींचं सूत रंगवायचे,
नखांतला निळा
शेवटच्या आंघोळीतही निघाला नाही.
म्हणून पुस्तकात कुठे शिवी नाही,
नुसती मोजमापं,
आणि मोजमापांखाली धरून ठेवलेला श्वास.

मी गवतावर लिहिलं.
सातबारा ज्याला पोटखराबा म्हणतो त्या माळावर:
पवन्या, मारवेल, आणि कुसळी,
जी अजून माझ्या एका सलवारीतून निघालेली नाही.

वाद रंगला तो रागावर.
राग पुस्तकात असावा का?
गड्डम म्हणाला, तळटीपेत.
सर म्हणाले, प्रस्तावनेत, एकच परिच्छेद.
मी काहीतरी सुंदर बोलणार होते, तेवढ्यात वीज गेली.
पंख्यासाठी आलेला उठला.
मग कुणाचा तरी फोन वाजला, नळ आलाय म्हणून,
पाचव्या दिवशी आलेलं पाणी,
आणखी पाच जण चपला शोधत उतरले.
कुणालाच नावं ठेवता येईनात.
विषय तर तोच होता आमचा.

माईक मेल्यावर आवाज माणसांचे झाले.
मागच्या रांगेतून एक म्हातारे पुढे येऊन बसले.
"शिद्राम वाघमोडे. नान्नजला वॉचर होतो.
बाई, पान एकशे बारा."
माझं पुस्तक त्यांच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्यात.

"गवतात अंडं घालतो लिवलंय तुमी.
उघड्यावर घालतो. येकच.
माझ्या वहाणंपासून दोन हातांवर होतं,
दगड म्हणून पाय टाकणार होतो."
मी पेन्सिल काढली. दुरुस्त केलं.
"आन् दुसरं.
'या माळावर माळढोक होता.'
होता का म्हणलं?"

मेणबत्ती आली. कुणी काही बोललं नाही.
मग सर हळूच म्हणाले, नोंद नसेल
तर 'आहे' कसं लिहायचं?
गड्डम म्हणाला, नोंद नाही
याचा अर्थ कुणी गेलं नाही बघायला,
असाही होतो.
सर म्हणाले, होतो. पण तेवढाच होत नाही.
दोघंही खरे. माझी पेन्सिल
एका क्रियापदावर अडकलेली.

दोन वर्षं मी ते पुस्तक लिहिलं,
संदर्भसूची अकरा पानांची,
आणि 'होता' लिहिताना हात थांबलाही नव्हता.
वाक्याला लय हवी होती.
लयीसाठी मी एक पक्षी संपवला, शाईनं,
माळावर न जाता.

"मला तरी कुठं दिसलाय अलीकडं," वाघमोडे म्हणाले,
"खोटं कशाला बोलू. पन गवत हाय तसं.
गवत काय उगाच थांबत न्हाई."
सर म्हणाले, हे शास्त्र नाही.
"न्हाईच की," म्हातारे म्हणाले,
आणि पुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं.

रात्री घरी पान एकशे बारा उघडलं.
'होता' खोडला. 'आहे' लिहिला नाही.
तिथे आता पेन्सिलची एक रिकामी चौकट आहे,
तीन अक्षरं मावतील एवढी.

रविवारी पहाटे पाचला निघायचं ठरलंय.
सर तापमापी घेणार आहेत, गड्डम दुर्बीण.
वाघमोडेंचा निरोप एवढाच:
पाणी घरून आणा,
आणि रंगीत काही घालू नका.