सातवा प्रश्न

शनिवार, सकाळचे नऊ. गवतावर अजून दव.
टेनेसीत, नदीच्या वळणावर,
चौदा मुलं, चौदा पुस्तिका, अकराच पेन्सिली.
गळ्यातला रुमाल एकाचाही सरळ नाही.

रेंजर ओडेसा प्रुइट टोपी सावरत सांगते :
हा मातीचा बांध युद्धातला. वर चढू नका.
दीडशे वर्षं पावसाला पुरून उरलाय,
तुमच्या बुटांपुढे टिकायचा नाही.

दहा प्रश्न. आठ सोडवले की बिल्ला.
तोफा मोजा. झाडाचं नाव लिहा.
जनरलच्या घोड्याचा रंग कोणता?
मुलं भराभर लिहितात, एकमेकांचं बघून.

सातवा : हा बांध कोणी बांधला?
उत्तर फलकावरच आहे : सैन्याने.
सहा वर्षं मी इथे मुलं आणतोय,
मलाही तेच पाठ.
वेंडेल ओक्स मात्र फलकापासून हलेना,
पेन्सिलीचं टोक चावत.
"सैन्याने म्हणजे, खणला कोणी?"

ओडेसाने जरा वेळ घेतला.
मग मला न विचारता सगळ्यांना खाली बसवलं, ओल्यातच.
म्हणाली, आसपासच्या मळ्यांवरून माणसं आणली होती.
विकत घेतलेली. इथे भाड्याने दिलेली.
मजुरी मालकाच्या नावे जमा.
तीनशे एक फावडी आली होती,
चार मोडली, दोन हरवली.
फावड्यांचा हिशेब नीट ठेवलाय.

मंगळवारी काउंटीच्या सभेत
वेंडेलला तीन मिनिटं मिळाली.
माइक त्याच्या कपाळाशी येत होता; कुणीतरी वाकवून दिला.
त्याच्या आधी पार्किंग, त्याच्यानंतर भटकी कुत्री.
मधे तो :
"फलकावर एक ओळ वाढवा. जागा आहे, मी मोजली.
खालच्या कडेला चार बोटं."

एक सभासद घड्याळ बघत होते.
एक बाई चष्मा पुसत राहिल्या, बराच वेळ.
विषय पुढच्या महिन्यावर ढकलला.

घरी सोडताना मी म्हटलं,
नऊ उत्तरं झालीत तुझी, बिल्ला पक्का.
तो म्हणाला, पुढच्या महिन्यात कितवा मंगळवार?

पुस्तिका गाडीतच विसरला.
सातव्यापुढे "सैन्याने" लिहून त्याने खोडलंय,
इतकं रेटून की कागदाला भोक पडलंय,
आणि त्यातून मागच्या पानावरचा
घोडा दिसतो :
तपकिरी.