अळणी

पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून एका रात्रीच्या अंतरावर
जहाज उभं आहे, इंजिन गुरगुरतंय,
आणि देओलिंदा नळीतला चिखल उभा चिरते,
तिचा बाप कॉड चिरायचा तसा,
मानेपासून शेपटीपर्यंत, एका दमात.

करडा. हिरवट. परत करडा.
सव्वातीन मीटरवर सुरी करकरते.
खडा.
फिकट, चुनखडीचा, वाटाण्याएवढा,
इथं असायचं काहीच कारण नसलेला.

एवढ्या खोल फक्त गाळ उतरतो
आणि मेलेल्या जिवांचे पिठासारखे शंख.
खडा चालत येत नाही.
त्याला कुणीतरी उचलून आणावं लागतं
हडसनच्या उपसागराकडून, अख्खा महासागर ओलांडून,
आणि मग हात सोडावा लागतो.

बर्फाने सोडला.
सतरा हजार वर्षांमागे
कॅनडावरचा तो मैलभर जाडीचा थर
कडेने ढासळला,
हिमनगांचे तांडे पूर्वेला निघाले
वितळत, पोटातले दगड सांडत,
आणि समुद्रावर गोडं पाणी पसरलं
दुधावर साय धरावी तसं.

देओलिंदा म्हणते, बाबा सांगायचे,
मीठ जड असतं पोरी,
मीठ आहे तोवरच पाणी बुडतं.
ते ग्रीनलंडपाशी एकट्या होडीत बसून
गळ टाकायचे, त्यांना ठाऊक.
(ठाऊक असेलच असं नाही.
ती हे दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगते.)

तर, पाणी बुडेना.
समुद्र मिठाला जागायचा,
पण मीठच पातळ झालं.
रहाटगाडगं अडखळलं,
उत्तरेला जाणारी ऊब, तळातून परतणारा गारवा,
सगळी गाडगी जिथल्या तिथं लोंबकळत.

मग काय काय झालं.
व्हिक्टोरिया सरोवर आटलं, तळाला भेगा पडल्या.
चीनकडे पावसाने पाठ फिरवली.
ब्राझीलच्या कोरड्या गुहांत पाणी ठिबकू लागलं.
अंटार्क्टिकाचा बर्फ थोडा सैलावला,
कारण इकडची ऊब तिकडेच पडून राहिली
न उचललेल्या सामानासारखी.

आणि इथून पूर्वेला, कोआ नदीच्या खोऱ्यात,
कुणी दगडावर रानबैल कोरत असेल,
मधेच थांबून बोटांवर फुंकर घालत.
शिंगाची रेघ दोनदा चुकली असेल.
त्याला कुठून कळावं
की समुद्रापलीकडे काहीतरी वितळलं
म्हणून इथं हा गारठा.

देओलिंदा भिंगाखाली शंख बघते.
बहुतेक सगळे डावीकडे वळलेले,
थंड पाण्यातले.
उजवे दोन. तेही मोजते.

पहाटे चारला, कुणी बघत नाही असं समजून,
ती खडा धुते आणि जिभेवर ठेवते.
मी विचारतो, अळणी?
ती मान हलवते.
खारट. असणारच,
किती वर्षं मुरलाय.

मग पिशवी, चिठ्ठी, चिठ्ठीवर खोली.
आकडा ती दोनदा तपासते.
बाहेर पाणी नेहमीसारखंच दिसतंय,
वरून काही कळत नाही.